गुंडोपंत गप्प

बटण दाबलं, पंखा गरगरला, आणि गुंडोपंत काही बोललेच नाहीत.

एरवी कसं असायचं, आधी पंखा, मग आत हार्ड डिस्कची कुरकुर, मग जरा दम खाऊन गुंडोपंतांची बडबड सुरू. त्या दिवशी कुरकुर आली नाही. पंख्यापाठोपाठ एक बीप वाजला, थांबला, परत वाजला, परत थांबला. मागे येणाऱ्या टेम्पोसारखं नुसतं बीप, बीप, बीप.

"भरतेश!" मी अशी ओरडले की स्वयंपाकघरात आईच्या हातातली पळी खाली पडली.

गुंडोपंत कोण ते सांगते. मला दिसत नाही, जन्मापासून. माझ्या लॅपटॉपमध्ये एक सॉफ्टवेअर होतं, ते पडद्यावरचं सगळं मला वाचून दाखवायचं आणि मी टाइप करीन ते बोलून दाखवायचं. त्याचा आवाज म्हणजे तपकीर ओढलेल्या म्हाताऱ्याचा. म्हणून मीच त्याला गुंडोपंत नाव ठेवलेलं. लॅपटॉप जुनाच, दुसऱ्याच्या हातचा, झाकणाला तडा गेलेला. पण मी एम.ए.ची सगळी टिपणं त्याच्यावर काढली, निबंध त्याच्यावर लिहिले, आणि परीक्षाही त्याच्यावरच देणार होते.

होय, परीक्षा. एम.ए. इतिहासाच्या शेवटच्या वर्षाची. लेखनिक न घेता, स्वतःच्या लॅपटॉपवर, स्वतःच्या बोटांनी. आमच्या विद्यापीठात तोवर कुणी ते मागितलं नव्हतं. मिरजेहून परीक्षा विभागात हेलपाटे घालून घालून माझ्या चपला झिजल्या. तिथले साहेब दर वेळी एकच पालुपद लावायचे. "ताई, लेखनिक घ्या की. सगळे घेतात. तुम्हालाच काय वेगळं सोनं लागलंय?" शेवटी कंटाळून त्यांनी परवानगी दिली, पण अट घातली. परवानगीत माझ्या लॅपटॉपचा नंबर घातला. तोच मशीन, दुसरा चालणार नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी तो केंद्रावर न्यायचा, ते तपासणार, मग सील करणार. "आणि त्या वेळी मशीन चालू झाला नाही," साहेब म्हणाले होते, "तर मग लेखनिक. तेव्हा रडत यायचं नाही."

ती आदल्या दिवसाची सकाळ म्हणजे उद्याची सकाळ. आणि गुंडोपंत गप्प.

भरतेश आला. माझा धाकटा भाऊ. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता, त्यामुळे घरातला मिक्सर बिघडला तरी आई आधी त्याच्याकडे बघायची.

"काय झालं गं?"

"ते तू सांग. याला हात कुणी लावला?"

"कुणी म्हणजे?"

"भरतेश, मी लॅपटॉप टेबलाच्या कडेला टेकवून ठेवते. आज तो मधोमध होता. खालचा एक स्क्रू वर आलेला बोटाला लागतोय. आणि याला स्पिरिटचा वास येतोय. आता बोल."

तो खुर्चीत बसला. त्याच्या बसण्यावरूनच मी ओळखलं.

"तुला सरप्राइज द्यायचं होतं ताई."

"मिळालं. पुढे?"

"तू आईबरोबर बस्तीत गेलीस ना मघाशी, दर्शनाला, तेव्हा उघडला, स्पिरिटनं पुसला. हा जुना आहे गं. प्रोसेसर फार मंद आहे. याच्याखाली सॉकेट असतं, बारीक बारीक भोकांचं. त्यातल्या ठराविक दोन भोकांत तांब्याची केसाएवढी तार वाकवून घातली ना, की बोर्डाला वाटतं, प्रोसेसर वरच्या जातीचा आहे. मग तो त्याला जास्त वेगानं पळवतो. पैसा नाही, काही नाही. नेटवरच्या फोरमवर कितीतरी जणांनी केलंय. याच मॉडेलवर!"

"मग यानंच का मान टाकली?"

"तेच कळेना झालंय."

त्याला कळेना झालं होतं! माझं डोकं असं तडकलं की काय बोलू ते सुचेना. परीक्षा माझी, मशीन माझा, हेलपाटे माझे, आणि हा शहाणा मी देवाला गेल्यावर माझ्या मशीनचं पोट फाडून बसला होता.

"तुला मी सांगितलं होतं का?" मी विचारलं. "भरतेश, हा मंद आहे, याला पळव, असं एकदा तरी माझ्या तोंडून बाहेर पडलं होतं का?"

"नाही, पण..."

"पण काय?"

आई स्वयंपाकघरातून दारात आली. "काय आरडाओरडा चाललाय? शेजारी काय म्हणतील?"

"शेजारी म्हणतील, मगदुमांच्या मुलानं बहिणीच्या परीक्षेचा बट्ट्याबोळ केला."

"अगं, त्यानं चांगल्यासाठीच केलं असेल ना."

हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलेय. रस्ता ओलांडायचा नसताना कुणीतरी दंडाला धरून मला पलीकडे नेतं, ते चांगल्यासाठी. हॉटेलात वेटर मला सोडून आईला विचारतो, "या काय घेणार?", तेही चांगल्यासाठी. एकदा एका बाईंनी माझ्यापुढच्या ताटातल्या पोळीचे तुकडे करून दिले होते. माझं तोवर जेवून झालं होतं, ती पोळी आत्याची होती.

"आई, तू आत जा," मी म्हटलं. "नाहीतर तुझ्यावर पण निघेल."

"जाते बाई. पण दिवस मावळायच्या आत जेवून घ्या दोघं. मी वाढून ठेवते."

आम्ही जैन, आमच्या घरात सूर्य मावळल्यावर कुणी अन्नाला शिवत नाही. आई तर पाणीसुद्धा घेत नाही. उन्हं खिडकीतून माझ्या हातावर आली होती, म्हणजे तसा वेळ होता.

"उघड," मी भरतेशला म्हटलं. "आधी होता तसा कर."

"हो, हो. तार काढली की झालं. त्यात काय एवढं."

टेबलावर वर्तमानपत्र पसरल्याचा आवाज आला. मग एकेक स्क्रू बशीत पडू लागला. मी शेजारी बसून होते. तो तोंडानं सांगत होता, हा पंखा काढला, हा पितळी पट्टा काढला, प्रोसेसर उचलला, तार काढली. मग सगळं उलट्या क्रमानं परत लावलं.

"दाब बटण," तो म्हणाला.

मी दाबलं. पंखा. आणि बीप, बीप, बीप.

"आँ?" भरतेश म्हणाला.

"आँ काय? आँ काय? तूच म्हणालास ना, तार काढली की झालं?"

"थांब, रॅम नीट बसली नसेल. वेग वाढवला की आधी रॅमच हार खाते. बीप पण तसाच आहे."

रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. त्यानं एक काढून पाहिली, मग दुसरी काढून पाहिली, मग जागा बदलून पाहिल्या. दर वेळी मी बटण दाबायची आणि दर वेळी टेम्पो मागे यायचा. मग म्हणाला, बोर्डावर एक नाण्याएवढी बॅटरी असते, ती काढून ठेवली की मशीन जुनं सगळं विसरतो. ती काढली. आम्ही दोघं वाट बघत बसलो. ती परत घातली. बीप, बीप.

"बोर्ड गेला असेल," तो शेवटी हळूच म्हणाला.

"असेल म्हणजे? जळाल्याचा वास येतोय का तुला? मला तर येत नाहीये."

"नाही येत. पण आतल्या आत जाऊ शकतो." मग त्यानं घसा खाकरला. "ताई, तू चिडू नकोस. एक बोलू? असं करू, मी येतो ना लेखनिक म्हणून. परीक्षा विभागाला मी फोन करतो. बीएला आलोच होतो की मी. फर्स्ट क्लास काढलास तू."

मी उठून उभीच राहिले.

"कुणी काढला?"

"म्हणजे..."

"फर्स्ट क्लास कुणी काढला, भरतेश?"

"ताई, हळू बोल. आई आत आहे."

"आता हळू बोलू? पेढे वाटताना तर चांगला मोठ्यानं बोलत होतास. जिन्यात. तुझ्या त्या मित्राला काय सांगत होतास? 'ताई फार साधं सांगायची रे, मीच गाइडातलं भारी भारी घालत होतो.' मी दाराआड उभी होते. पेढा माझ्या तोंडात होता. तो गिळावा की थुंकावा ते मला कळत नव्हतं."

पंखासुद्धा बंद होता, त्यामुळे भरतेश श्वास कसा घेतोय ते मला ऐकू येत होतं.

"तुला माहीत होतं?" तो म्हणाला.

"तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलू? आईला? ती देवापुढे साखर ठेवून आली होती. कॉलेजात? त्यांनी आपल्या दोघांना पकडून बाहेर काढलं असतं. मी तीन तास एकेक वाक्य मनात घडवून तुला सांगत होते, आणि तू 'हं, हं' करत दुसरंच काहीतरी लिहीत होतास. माझ्या समोर बसून! मला दिसत नाही म्हणून!"

"मला वाटलं, तुझे मार्क वाढतील."

"वाढले की. तुझे वाढले. गुणपत्रिकेवर नाव तेवढं माझं आलं. म्हणून मला लेखनिक नको, समजलं? तू नको, दुसरा कुणी नको, प्रत्यक्ष देव खाली उतरला तरी नको. आणि आज ज्याच्यावर मी माझं मी लिहिणार होते, तोच तू मारून ठेवलास."

तो नाक ओढत होता. रडत असावा. मला मुळीच दया आली नाही, उलट अजून दोन शब्द सुनवावेसे वाटत होते. पण उन्हं माझ्या हातावरून उतरली होती आणि भांडून मशीन चालू होणार नव्हता.

मी परत बसले आणि पहिल्यापासून विचार केला. तार घालायच्या आधी मशीन ठणठणीत होता. मग रॅमनं मान टाकली असेल, तर ती वेग वाढल्यामुळे. आता भरतेश म्हणतो, तार काढली. तरी बीप तोच, तसाच, इतकंसुद्धा अंतर बदललं नाही. बोर्ड जळला असता तर वेगळं काहीतरी झालं असतं, निदान बीप तरी बदलला असता. मशीन अजून तेच सांगत होता जे तो मघापासून सांगत होता.

"ती तार कुठाय?" मी विचारलं.

"कुठली?"

"काढलेली तार. कुठाय?"

"टाकली मी. इथंच कुठंतरी."

"शोध."

"एवढीशी तार ताई, केसाएवढी..."

"शोध म्हटलं ना!"

तो टेबलाखाली शिरला. फरशीवर हात घासल्याचा आवाज येत होता. डोकं आपटलं, शिवी हासडली, मग म्हणाला, "सापडली. पेपराच्या घडीत होती."

मी हात पुढे केला. त्यानं ती माझ्या तळव्यावर ठेवली. लागतसुद्धा नव्हती इतकी बारीक. मी ती अंगठ्यावर घेऊन तर्जनी फिरवली. ब्रेल वाचून वाचून त्या बोटाला सवय आहे. मधे वाकवलेली होती, चिमट्यासारखी, दोन पाय. मी एका पायावरून बोट नेलं, मग दुसऱ्यावरून. परत नेलं.

"हिचे दोन्ही पाय सारखे कापले होतेस?"

"हो तर. फोरमवर फोटोच होता. सारखेच पाहिजेत."

"मग एक आखूड का आहे?"

त्यानं तार माझ्या हातातून घेतली, बहुतेक खिडकीशी नेऊन पाहिली.

"आयला," तो म्हणाला. "तुटलीय."

"तुटलीय ना? तुकडा कुठाय मग? तुझ्या डोक्यात?"

"सॉकेटच्या भोकात! आतच राहिलाय. तो शेजारच्या पिनेला टेकत असणार. म्हणजे बोर्डाला अजून वाटतंय..."

"हो. गुंडोपंतांच्या घशात काटा अडकलाय. काढ तो."

परत स्क्रू बशीत पडायला लागले. या वेळी तो तोंडानं काही सांगत नव्हता. प्रोसेसर उचलल्यावर त्यानं टॉर्च मागितला, मग म्हणाला, उजेड कुणीतरी धरायला पाहिजे. मी धरून उपयोग नव्हता, मी कुठे दाखवणार! म्हणून आईला हाक मारली. आई आली, टॉर्च घेतला, आणि नुसती उभी राहिली.

"आई, हात हलवू नको."

"नाही हलवत रे. ताटं वाढलीत मी."

"पाच मिनिटं."

आईची शिवणाची सुई, माझा भुवयांचा चिमटा, आणि भरतेशचं पुटपुटणं. एकदा म्हणाला, दिसला. एकदा म्हणाला, अजून आत गेला. तेव्हा मी टेबलाची कड अशी धरली की नखं दुखली. पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. बाहेर देवळातली सांजेची घंटा वाजली, आईच्या बांगड्या जराशा किणकिणल्या, आणि परत थांबल्या. वाढलेली ताटं तशीच राहिली.

"आला!" भरतेश ओरडला. "आला, आला! हा बघ." आणि लगेच, "म्हणजे, हा घे."

त्यानं सुईच्या टोकावरून तुकडा माझ्या बोटावर ठेवला. तिळाच्या निम्माही नव्हता. एवढ्याशा तुकड्यापायी माझं एक अख्खं वर्ष गेलं असतं.

सगळं जोडलं. कुणी "दाब" म्हणायच्या आधीच मी बटण दाबलं.

पंखा फिरला. बीप आला नाही. आणि मग आत, खोलवर, डिस्क कुरकुरली. त्या आवाजानं मला जे वाटलं ते सांगता येणार नाही. मी टेबलावर डोकं टेकलं. थोड्या वेळानं गुंडोपंत सुरू झाले. हेडफोन लावलेला नव्हता, म्हणून सगळ्या खोलीत घुमले, भराभरा, एका दमात.

"बघ, बघ!" भरतेश एकदम म्हणाला. "हेच! ताई, हेच सांगत होतो मी. त्या दिवशी तुझा हेडफोन निघाला होता ना, तेव्हा ऐकलं मी. हा कसा अडखळतोय बघ. शब्दच फुटत नाही त्याला धड, नुसता गडबडतोय. प्रोसेसर पुरत नाही गं याला. म्हणून तर मी वेग वाढवायला गेलो. मला वाटलं, बिचारी ताई कसं ऐकत असेल हे!"

मी डोकं वर केलं.

"काय म्हणाले ते?" मी विचारलं.

"कोण?"

"गुंडोपंत. आत्ता काय म्हणाले?"

"काय म्हणाला म्हणजे? काहीच कळलं नाही. कुणालाच कळणार नाही."

"ते म्हणाले, तारीख आणि वेळ चुकलीय, तपासून घ्या. कारण तू ती नाण्याची बॅटरी काढली होतीस. मग म्हणाले, पेपर दुसरा, मराठेकालीन महसूल, टिपण चौथं. मग म्हणाले, चार्जर लावा."

भरतेश पडद्याकडे वाकला असणार. बराच वेळ तो वाचत होता.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

मी दोन कळा दाबत गेले. गुंडोपंतांचा वेग उतरला, आणखी उतरला, अगदी बातम्या देणाऱ्या बाईइतका झाला. मग परत सगळं बोलायला लावलं. तारीख, आणि, वेळ, चुकलीय. आईसुद्धा म्हणाली, "अगंबाई, हा तर मराठीच बोलतोय."

"हा तुझा वेग," मी भरतेशला म्हटलं. "या वेगानं मी ऐकत बसले असते ना, तर एम.ए. व्हायला म्हातारी झाले असते. मघाचा माझा. मी रोज तसंच ऐकते. तो अडखळत नव्हता, भरतेश. तू ऐकलंस, तुला कळलं नाही, आणि तुला वाटलं, मशीनच बिघडलाय."

भरतेश टेबलावरचं वर्तमानपत्र गोळा करू लागला.

"बीएलाही तुला असंच वाटलं होतं," मी म्हटलं, आणि कळा दाबून गुंडोपंतांना परत माझ्या वेगावर नेलं. त्या रात्री घरात कुणीच जेवलं नाही.

सकाळी लॅपटॉप तपासणीत पास झाला. तिथल्या साहेबांनाही गुंडोपंत बिघडलेले वाटले. मी त्यांना काही समजावून सांगितलं नाही. परीक्षा दिली. सगळे पेपर मी लिहिले, बोटं दुखेपर्यंत. चुकले तिथे माझी मी चुकले.

निकाल लागला तो मी घरातच उघडला. आई शेजारी होती, भरतेश मागे उभा होता. गुंडोपंत नेहमीसारखे भराभरा बोलून मोकळे झाले. पडदा भरतेशच्या समोरच होता, त्याला वाचता आलं असतं.

"काय म्हणाले?" त्यानं मला विचारलं.

"सेकंड क्लास."

"अगंबाई," आई हळहळली. "बीएला चांगला फर्स्ट होता की गं तुझा. भरतेशला घेतलं असतंस बरोबर तर..."

"आई," भरतेश म्हणाला, "तो फर्स्ट क्लास माझा होता. तिचा हा आहे."